फायबर लेसरने पत्रा कापताना: वॅट किती, गॅस कोणता आणि कडेचं पावडर कोटिंग का सुटतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचे ब्रॅकेट, द्राक्षबागेच्या ब्लोअरच्या फ्रेमा, हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम, बेदाण्याच्या चाळण्या अशी कामं असतात. जाडी १.६ पासून १२ मि.मी.पर्यंत. आजवर शेअरिंग (पत्रा कातरण्याचं मशीन), गॅस कटिंग आणि बाहेरून करून घेतलेलं लेसरचं जॉबवर्क यावर भागलं. आता स्वतःचं मशीन घ्यायचं आहे. विचारलंय ते हे: लेसर नक्की कापतो कसा, ३ किलोवॅट पुरेल की ६ घ्यावं, जॉबवर्कच्या पार्टला खालून बर (कडेला चिकटून राहिलेला वितळलेला धातू) का येते, आणि पावडर कोटिंग नेमकं कापलेल्या कडेलाच का सुटतं.

किलोवॅट थोडा वेळ बाजूला ठेवू. विक्रेता पहिल्यांदा तोच आकडा सांगतो, पण रोजच्या कामात कट बिघडतो तो बहुतेक वेळा गॅस, फोकस, नोझल (प्रकाश आणि गॅस जिथून पत्र्यावर पडतात ते टोक) किंवा काच यांच्यामुळे. पत्रा कापण्यात प्रकाशाचं काम निम्मंच असतं. प्रकाश धातू वितळवतो. तो वितळलेला धातू फटीतून खाली ढकलून बाहेर काढतो गॅस. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्यामुळे नोझलखालच्या त्या एक मिलिमीटर जागेत येऊन मिळतात.

तरी सोर्समध्ये काय घडतं ते माहीत असावं, कारण पुढे चिलर (सोर्स आणि हेडला थंड पाणी पुरवणारं यंत्र) आणि पावसाळ्याचा विषय येणार आहे. फायबर लेसरचा सोर्स म्हणजे पेटीत गुंडाळून ठेवलेली काचेची बारीक तार. तिच्या गाभ्यात यटर्बियम या धातूचे आयन मिसळलेले असतात. डायोड ९१५ किंवा ९७६ नॅनोमीटरचा प्रकाश गाभ्याभोवतीच्या थरात सोडतात. तो पुढे सरकताना पुन्हा पुन्हा गाभा ओलांडतो आणि यटर्बियमचे आयन ती ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर चढतात. चढलेल्या आयनाजवळून योग्य तरंगलांबीचा प्रकाशकण गेला, की आयन खाली उतरताना हुबेहूब तसाच दुसरा कण सोडतो: तरंगलांबी तीच, दिशा तीच, लय तीच. एकाचे दोन, दोनाचे चार. हे तत्त्व आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलं, आणि १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रत्यक्ष काढून दाखवला. फायबरमध्ये दोन्ही टोकांना काचेतच कोरलेल्या सूक्ष्म जाळ्या आरशाचं काम करतात. एक जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवते, दुसरी थोडा परतवून बाकीचा पुढे सोडते. अशा अनेक मॉड्यूलचा प्रकाश एकत्र करून ५० किंवा १०० मायक्रॉन गाभ्याच्या एका केबलमधून कटिंग हेडपर्यंत येतो. तरंगलांबी साधारण १०७० ते १०८० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला अजिबात न दिसणारी.

याआधी कितीतरी वर्षं पत्रा कापायला कार्बन डायऑक्साइड लेसरच होता. त्याचा शोध लावणारे सी. के. एन. पटेल जन्माने बारामतीचे. फलटणच्या पुढे नीरा ओलांडली की जे बारामती लागतं, तेच. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी तो लेसर साकारला. आपल्या भागातल्या प्रत्येक आयटीआयच्या वर्गात हे नाव सांगितलं जावं असं मनापासून वाटतं. त्या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, ती काचेच्या केबलमधून जात नाही, म्हणून आरसे, त्यांचं अलाइनमेंट, लेसरचा गॅस हा सगळा व्याप. विजेतून प्रकाश होतो तोही दहा टक्क्यांच्या आसपास. फायबरमध्ये हे प्रमाण ३० ते ४० टक्के. पातळ पत्र्यावर फायबर कितीतरी पटीने वेगवान आहे. ॲक्रिलिक, लाकूड, कापड यांसाठी मात्र आजही कार्बन डायऑक्साइडच घ्यावा लागतो, कारण फायबरचा प्रकाश त्यांत नीट शोषलाच जात नाही.

आता कटिंग हेड. केबलमधून बाहेर पडणारा प्रकाश पसरत येतो. पहिली लेन्स त्याला समांतर करते, दुसरी त्याचा ठिपका बनवते. ठिपक्याचा व्यास काढायचं गणित सोपं आहे: केबलचा गाभा गुणिले दुसऱ्या लेन्सचं फोकल अंतर, भागिले पहिलीचं. १०० मायक्रॉनची केबल, १०० आणि १५० मि.मी.च्या लेन्स असतील तर ठिपका १५० मायक्रॉन, म्हणजे ०.१५ मि.मी. एवढ्याशा जागेत ३ किलोवॅट ओतले की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ कोटी वॅट होतात. लोखंड १५३८ अंशांना वितळतं; या घनतेला ते क्षणात वितळतं. पातळ पत्र्याला बारीक ठिपका चांगला. जाड प्लेटला उलट जरा रुंद फट लागते, नाहीतर खालचा माल बाहेर पडायला वाटच राहत नाही. म्हणून ५० मायक्रॉनची केबल पातळ कामाला उत्तम, आणि १२ मि.मी. रोज कापायची असेल तर १०० मायक्रॉनची सोयीची. मशीन घेताना हा प्रश्न जरूर विचारा. कोटेशनमध्ये तो सहसा लिहिलेला नसतो.

गॅसकडे येऊ, खरा विषय तोच आहे.

माइल्ड स्टीलवर ऑक्सिजन वापरला की तापलेलं लोखंड ऑक्सिजनमध्ये जळतं आणि ती उष्णता लेसरच्या जोडीला येते. कापण्याच्या एकूण उष्णतेतला जवळपास निम्मा भाग या जळण्यातून मिळतो. म्हणून ऑक्सिजनचा दाब अगदी कमी लागतो: ६ ते १२ मि.मी.ला साधारण अर्धा ते एक बार, डबल लेयर नोझल. दाब वाढवला तर कट सुधारत नाही, जळणं आवाक्याबाहेर जातं आणि कडेला खड्डे पडतात. ३ किलोवॅटला ऑक्सिजनने साधारण मिळणारे वेग असे: ३ मि.मी.ला मिनिटाला ४ मीटर, ६ मि.मी.ला अडीच, १० मि.मी.ला सव्वा, १६ मि.मी.ला ०.६ च्या जवळपास. ऑक्सिजनची शुद्धता ९९.९५ टक्के तरी हवी. गॅस कटिंगवाल्यांना हे ठाऊक असतं की शुद्धता एका टक्क्याने उतरली तर वेग पाव भागाने पडतो. लेसरमध्येही रसायन तेच. बाटली बदलल्यावर अचानक बर यायला लागली आणि बाकी काहीच बदललेलं नसेल, तर आधी संशय बाटलीवर घ्या.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमला नायट्रोजन. तो जळण्यात मदत करत नाही. त्याचं काम वितळलेला धातू जोराने उडवणं आणि कडेला हवा लागू न देणं एवढंच. त्यामुळे दाब १० ते २० बार, नोझल सिंगल लेयर. इथे खर्चाचा हिशोब आधी करून ठेवा. २ मि.मी.च्या नोझलमधून १५ बारने तासाला सुमारे ३० घनमीटर नायट्रोजन जातो. ७ घनमीटरची बाटली म्हणजे जेमतेम पाव तास. त्याच मशीनवर ऑक्सिजनची बाटली तीन तासही चालू शकते, कारण त्याचा वापर तासाला दोन घनमीटरच्या आसपास असतो. रोज स्टेनलेस कापायचं असेल तर द्रव नायट्रोजनचा ड्युरा सिलिंडर घ्यावा लागतो. २०० लिटरच्या सिलिंडरमधून १३० ते १४० घनमीटर गॅस मिळतो. पण तो नुसता ठेवला तरी रोज थोडा उडून जातो, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी भरून आणू नका. आणखी एक चूक सर्रास दिसते: वेल्डिंगचा साधा रेग्युलेटर नायट्रोजनला लावणं. तो एवढा प्रवाह देऊच शकत नाही, गोठतो, आणि गेजवर १५ बार दिसत असताना नोझलला ९ बार पोचतात. लाइन १० ते १२ मि.मी. आतल्या व्यासाची हवी आणि दाब हेडजवळ, कट चालू असताना वाचायला हवा. नोझल बंद असताना वाचलेल्या दाबाला अर्थ नाही.

तिसरा पर्याय हवा. १६ बारचा स्क्रू कंप्रेसर, ड्रायर आणि तेल पकडणारे फिल्टर. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, त्यामुळे पातळ माइल्ड स्टीलवर ती सुंदर चालते. ३ किलोवॅटला ३ मि.मी.पर्यंतचा पत्रा हवेने ऑक्सिजनच्या दुपटीहून अधिक वेगाने कापता येतो आणि गॅसचं बिल म्हणजे फक्त वीज. मात्र तेलाचा एक थेंब किंवा पाण्याचा कण वर गेला की प्रोटेक्शन ग्लास (हेडमधल्या लेन्सखालची संरक्षक काच) गेली. ड्रायर आणि फिल्टरमध्ये पैसे वाचवायला जाऊ नका. फिल्टरची कार्ट्रिज तारीख लिहून बदला आणि टाकीचं पाणी रोज सकाळी सोडा.

यातूनच किलोवॅटचं उत्तर निघतं, आणि ते बहुतेकांना अनपेक्षित वाटतं. ऑक्सिजनने कापताना वेग ठरतो लोखंड जळण्याच्या गतीवर. त्यामुळे ६ मि.मी.ची प्लेट ऑक्सिजनने कापायची असेल तर ३ चं ६ किलोवॅट करून वेग फार वाढत नाही. वाढीव किलोवॅटचा खरा फायदा हवा किंवा नायट्रोजनने कापताना मिळतो. ६ किलोवॅटवर तीच ६ मि.मी.ची प्लेट हवेने कापली तर वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे ६ किलोवॅटचं मशीन घेऊन कंप्रेसर घेतला नाही, तर पैसे अडकून पडले. तुमच्या कामात ८ मि.मी.पर्यंतचा माल बहुसंख्य असेल आणि १२ मि.मी. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येत असेल, तर ३ किलोवॅट, चांगलं हेड आणि हवेची पूर्ण व्यवस्था हे माझं स्पष्ट मत. ट्रॉलीचे १० ते १६ मि.मी.चे ब्रॅकेट दिवसभर चालणार असतील तर ६. गेल्या सहा महिन्यांची पत्र्याची बिलं काढा आणि जाडीप्रमाणे टन लिहा. अंदाजाने हा निर्णय घेऊ नका.

आता पावडर कोटिंग. ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर निळसर-काळी पातळ पपडी असते. ती लोखंडाची ऑक्साइड. पावडर त्या पपडीला घट्ट धरते, पण पपडीच लोखंडाला घट्ट धरत नाही. फ्रेम ट्रॅक्टरला धडकली, बोल्ट आवळताना दणका बसला, की रंगासकट पपडी सुटते आणि तिथून गंज आत शिरतो. कोटिंगवाल्याचा यात दोष नसतो. उपाय तीन आहेत. पपडी फ्लॅप डिस्कने किंवा कडा घासायच्या मशीनने काढा. साध्या तारेच्या ब्रशने ती चकाकते, निघत नाही. किंवा सेव्हन टँकमध्ये (कोटिंगआधी माल धुवायच्या सात टाक्यांत) गंज काढणाऱ्या डिरस्टिंगच्या ॲसिडला पुरेसा वेळ द्या. पत्र्याला जेवढा वेळ दिला जातो तेवढ्यात कडेची पपडी पुरती उतरतेच असं नाही, म्हणून बाहेर काढल्यावर कड पांढुरकी-करडी झाली का ते डोळ्याने बघा. किंवा मुळात हवा अथवा नायट्रोजनने कापा. हवेच्या कडेवरही किंचित पिवळट थर असतो, पण तो ऑक्सिजनच्या पपडीपेक्षा खूपच पातळ. फ्रेमांच्या १.६ ते ३ मि.मी. पत्र्यासाठी हाच रस्ता धरा. शिवाय लेसरची कड धारदार असते आणि धारेवर पावडरचा थर भट्टीत पातळ होतो, तेव्हा कुठल्याही गॅसने कापलं तरी कडेवरून एकदा हात फिरवायलाच हवा.

बरचं निदान करायला कापलेला तुकडा उचलून उजेडात धरा. बर एकाच बाजूच्या कडेला असेल आणि बाकी तिन्ही साफ असतील, तर नोझल मध्यावर नाही. नोझलच्या तोंडाला सेलोटेप लावा, कमी पॉवरने एक शॉट मारा; भोक नोझलच्या वर्तुळाच्या बरोबर मध्यभागी पडलं पाहिजे. हेडवरच्या स्क्रूने सरकवा, पुन्हा टेप, पुन्हा शॉट. नोझल बदललं, हेड धडकलं किंवा शिफ्ट बदलली की हे करायचंच. दोन मिनिटांचं काम आहे. कडेवरच्या रेघा खाली जाताना मागे ओढलेल्या दिसत असतील तर वेग जास्त आहे. खाली पडणाऱ्या ठिणग्याही तेव्हा मागे झुकतात. रेघा सरळ, पण खालची कड वितळून जाड झाली, कोपरे गोल झाले आणि ठिणग्या पसरण्याऐवजी एकवटून पडत असतील, तर वेग कमी किंवा उष्णता जास्त. स्टेनलेसला खाली चिवट, टोकदार बर येत असेल तर फोकस पुरेसा खोल नाही किंवा हेडजवळ दाब पोचत नाही. ऑक्सिजनने जाड माइल्ड स्टील कापताना फोकस प्लेटच्या वर ठेवतात, जेणेकरून फट रुंद होईल; नायट्रोजनने स्टेनलेस कापताना तो प्लेटच्या आत, जाडी वाढेल तसा आणखी खाली. कंट्रोलरवर पहिल्याला प्लस आणि दुसऱ्याला मायनस म्हणतात. ऑपरेटरने एका प्रोग्रॅमचा फोकस दुसऱ्याला तसाच ठेवला तर नेमकं उलटं होतं, आणि मग तो पॉवर वाढवत बसतो.

सगळ्यात फसवी खूण वेगळी आहे. पहिले काही पार्ट सुरेख निघतात, दहा-पंधरा मिनिटांनी बर सुरू होते, मशीन थोडं थांबवलं की पुन्हा ठीक. याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: प्रोटेक्शन ग्लास किंवा वरची लेन्स मळली आहे. मळलेला ठिपका प्रकाश शोषतो, काच तापते, तिचा आकार आणि अपवर्तन किंचित बदलतं आणि फोकस आपोआप सरकतो. पॉवर वाढवून यावर मात करता येत नाही, उलट काच तडकते आणि तडकलेल्या काचेची धूळ वरच्या महागड्या लेन्सवर बसते. काच बदलताना जवळचे पंखे आणि ग्राइंडर बंद करा, हेडचं बाहेरचं अंग आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ड्रॉवर बाहेर काढताच उघडी जागा टेपने बंद करा. काच पुसायला धागे न सुटणारा स्वॅब, आणि अल्कोहोल ९९.७ टक्के किंवा त्याहून शुद्ध. मधून कडेकडे गोल फिरवत एकदाच, तोच स्वॅब परत वापरायचा नाही. तोंडाने फुंकर नाही, कंप्रेसरची हवा तर नाहीच. आणि लेसर मशीन ग्राइंडिंग आणि शॉट ब्लास्टिंगच्या शेडमध्ये ठेवायचं नाही. मधे भिंत हवी. जागेची अडचण असते हे मान्य, पण ही भिंत पहिल्याच वर्षी काचांच्या बिलातून वसूल होते.

मालाबद्दल. आयएस २०६२ ई२५० ची एचआर (हॉट रोल्ड) प्लेट घेता तेव्हा दोन लॉटमध्येही फरक पडतो. सिलिकॉनचं प्रमाण कमी आणि प्लेटवरची रोलिंगची पपडी एकसारखी बसलेली असेल तर कट गुळगुळीत येतो. पपडी जागोजागी सुटलेली, गंजलेली किंवा तेल लागलेली असेल तर पिअर्सिंगच्या (कट सुरू करायला पहिलं भोक पाडण्याच्या) वेळी स्फोट होतो आणि भोकाभोवती खड्डा पडतो. गंजलेल्या प्लेटला आधी कमी पॉवरने वरून एक फेरी मारून घेतली तर बरंच साधतं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यात जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, लोखंड वितळण्याच्या खूप आधी, त्यामुळे कड खरखरीत येणारच. आणि जस्ताचा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी-ताप भरतो, तेव्हा एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय जीआय लावू नये. स्टेनलेसवरची साधी पीव्हीसी फिल्म लेसरखाली फुगते आणि गॅस फिल्मखाली शिरतो. फिल्म वरच्या बाजूला ठेवून आधी कमी पॉवरने फिल्मची रेघ कापा, मग पत्रा, किंवा लेसरसाठीचीच फिल्म मागवा. बेदाण्याच्या चाळण्यांना नायट्रोजन ९९.९९ टक्क्यांच्या वर हवा. कड पिवळी-निळी झाली तर तिथे स्टेनलेसलाही डाग धरतो, आणि भोकाला बर राहिली तर बेदाणा फाटतो. तांबं, पितळ यांच्यावरून प्रकाश परत फिरतो. सोर्सला परावर्तनापासून संरक्षण आहे हे लेखी घेतल्याशिवाय ते लावू नका.

हळद पॉलिशच्या ड्रमबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथेच नवा मशीनवाला तोट्यात जातो. २ मि.मी. पत्र्यात ८ मि.मी.ची ६,००० भोकं. एका भोकाला सेकंद धरला तरी १०० मिनिटं, शिवाय तापून पत्रा वाकतो. असा जाळीचा पत्रा पंच केलेला तयार मिळतो आणि तो स्वस्त पडतो. लेसरवर फक्त झाकण, फ्लँज, दार, ब्रॅकेट घ्या. तसंच ट्रॉलीच्या बाजूंचे सरळ चौकोनी पत्रे शेअरिंगवरच ठेवा. लेसरचा तास वळणं, खाचा, भोकं असलेल्या पार्टसाठी राखून ठेवायचा.

ड्रॉइंग करतानाच काही गोष्टी पाळल्या तर भांडणं टळतात. ऑक्सिजनने कापताना भोकाचा व्यास प्लेटच्या जाडीएवढा तरी ठेवा; १२ मि.मी. प्लेटमध्ये ८ चं भोक मागितलं तर ते वर गोल, खाली वेडंवाकडं निघेल. तिथे लेसरने सेंटर मार्क करून ड्रिल मारा. आटे पाडायचे असतील तर ईएन८ सारख्या जास्त कार्बनच्या मालात लेसरची कड कडक होते आणि टॅप मोडतो. एम८ ला ६.८ चं भोक लागतं. लेसरने साडेपाचचं कापा आणि ६.८ च्या ड्रिलने उघडा, म्हणजे कडक थर निघून जातो. कापताना पिअर्सिंग पार्टच्या रेषेवर न येता बाहेर, टाकाऊ भागात यायला हवं. छोटे पार्ट कापल्यावर उभे राहतात आणि वेगाने येणारं हेड त्यांना धडकतं. अशांना दोन ठिकाणी छोटे जोड ठेवा.

पावसाळा. सांगली-मिरजेत जुलैमध्ये शेडमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट आहे. अशा हवेतली वाफ सुमारे २५ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. चिलरचं पाणी २२ वर ठेवलं असेल तर सोर्सच्या आत, डायोडवर आणि केबलच्या टोकाला दव जमणार, आणि त्यावर किलोवॅटचा प्रकाश पडला की ते टोक जळतं. ही दुरुस्ती वॉरंटीत सहसा धरत नाहीत. म्हणून सोर्सचं कॅबिनेट बंद आणि वातानुकूलित हवं, आत आर्द्रतामापक हवा. पावसाळ्यात मॅन्युअलने दिलेल्या मर्यादेत पाण्याचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवा, साधारण २६ ते २८; हेडकडे जाणारं पाणी आणखी दोन-तीन अंश गरम. सकाळी आधी कॅबिनेटचा एसी अर्धा तास, मग चिलर, मग सोर्स. संध्याकाळी सोर्स बंद करताच चिलरही बंद. रात्रभर थंड पाणी फिरत ठेवणं सर्वांत घातक. पाणी शुद्ध केलेलंच भरा, महिन्या-दीड महिन्याने बदला. बोअरच्या पाण्याचे क्षार बारीक वाहिन्यांत बसतात आणि मग फ्लोचा अलार्म थांबत नाही.

विजेचं पाहायचं तर ३ किलोवॅटचा सोर्स ९ ते १० किलोवॅट घेतो. चिलर, मोटारी, एक्झॉस्ट धरून मशीन २० किलोवॅटच्या घरात, आणि कंप्रेसरचे १५ वेगळे. सर्व्हो स्टॅबिलायझर आणि मशीनसाठी स्वतंत्र अर्थिंग, ४ ओहमच्या आत. हे मोजमाप मे महिन्यात, जमीन कोरडी असताना घ्या. पावसाळ्यात कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. वेल्डिंग मशीनचं अर्थिंग यालाच जोडलं असेल तर हेडची उंची मोजणारा सेन्सर उड्या मारतो, आणि ऑपरेटर नोझल धरणारी सिरॅमिक रिंग बदलत राहतो.

सुरक्षिततेत तडजोड नको. हा चौथ्या वर्गाचा लेसर आहे. न दिसणारा हा प्रकाश बुबुळातून आरपार जाऊन थेट पडद्यावर एकवटतो, पापणी मिटायची वेळच येत नाही, आणि झालेली इजा भरून येत नाही. चष्म्याच्या काचेवर १०७० नॅनोमीटर समाविष्ट असलेली तरंगलांबी आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, प्रकाश अडवण्याची क्षमता) ६ किंवा अधिक असं छापलेलं हवं. कार्बन डायऑक्साइड लेसरचा पारदर्शक चष्मा इथे काहीच अडवत नाही, वेल्डिंगच्या काळ्या काचेवरही भरवसा ठेवता येत नाही. आजकाल हाताने चालवायचं लेसर वेल्डिंग मशीन बरेच जण घेतात. पातळ स्टेनलेसला ते अप्रतिम आहे, सांध्यातली फट दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या आत असेल तर. पण तिथे चारी बाजू बंद केलेलं बूथ, दाराला इंटरलॉक आणि आत प्रत्येकाला चष्मा हे नसेल तर ते घेऊच नका. चकचकीत पत्र्यावरून परतलेला किरण शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या डोळ्यात जातो. नायट्रोजनचा सिलिंडर बंद खोलीत ठेवू नका, गळती वासाने कळत नाही आणि माणूस गुदमरतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही. खालचे ट्रे रोज रिकामे करा, आणि ॲल्युमिनियम कापण्याआधी लोखंडाची राख पूर्ण काढा. ॲल्युमिनियमची भुकटी आणि ठिणगी एकत्र आली तर डक्टमध्ये भडका उडतो.

मशीन पाहायला जाताना विक्रेत्याच्या टेबलावरच्या चकचकीत प्लेटवर समाधान मानू नका. तुमच्या गोडाऊनमधली, नेहमीच्या दुकानदाराकडची, जरा गंजलेली १.६, ३, ६ आणि १२ मि.मी.ची प्लेट घेऊन जा. ट्रॉलीचा खरा ब्रॅकेट आणि फ्रेमची खरी पट्टी सलग ४५ मिनिटं कापायला सांगा, कारण काच तापल्याशिवाय दोष दिसत नाही. पहिला आणि शेवटचा पार्ट वेगळा ठेवा. १२ मि.मी.च्या प्लेटमध्ये १२ चं भोक काढून वरचा आणि खालचा व्यास व्हर्नियरने मोजा. ३ मि.मी.चे दोन तुकडे घ्या, एक ऑक्सिजनने आणि एक हवेने कापलेला. दोन्हींवर तुमच्याच कोटिंगवाल्याकडून पावडर मारून घ्या, कडेवर हातोडीचे चार ठोके द्या, चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. मशीनची ऑर्डर त्यानंतर द्या, आणि त्यात केबलचा गाभा, लेन्सची फोकल अंतरं, हेडचं मॉडेल आणि कंप्रेसर-ड्रायरची क्षमता लिहून घ्या.